दुसरं बोलावणं

माझ्या नातीला शिरूरच्या कॉलेजात काय काय शिकवतात ते मला ठाऊक नाही, पण कुणाच्या दारात पाय ठेवावा आणि कुणाच्या नाही, एवढं काही शिकवलेलं दिसत नाही. माझ्या घरात राहायचं, माझ्या हातची भाकरी खायची, आणि सकाळी उठून थेट वरच्या आळीला सोजराबाईच्या ओट्यावर जाऊन बसायचं. बरं, चोरूनमारून म्हणावं तर तेही नाही. गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. वर तिच्या घरचा चहा पिऊन आली. माझ्या थोरल्या सुनेनं, सारिकेनं, हे मला सांगितलं तेव्हा मी शेंगा फोडत होते. त्यानंतर दाणे कुठं पडले आणि टरफलं कुठं, ते मी पाहिलं नाही.

सोजराबाईचं आणि माझं अकरा वर्षं बोलणं नाही. ती वरच्या आळीची, तिचा नवरा दोनदा सरपंच झालेला, मळ्यात दोन विहिरी. आम्ही धनगर. माझ्या सासऱ्यापर्यंत घर मेंढरांमागं फिरत होतं, मी नांदायला आले आणि मग ते या वाडीत टेकलं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नातवाचं जावळ होतं. सगळ्या गावाला जेवण. सोजराबाईला मी स्वतः हळदीकुंकू लावून चूलबंद आवतण दिलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानमोठे सगळे आपल्याकडं जेवायला. ती आली नाही. तिच्या घरातलं पोरसुद्धा आलं नाही. मेंढक्याच्या पंगतीला बसायला जड गेलं असेल, असं मी समजले आणि तिचं दार माझ्यापुरतं बंद केलं.

आणि तिथं माझी नात चहा पीत होती.

हर्षदा माझ्या धाकट्याची, गोकुळची, मुलगी. गोकुळ रांजणगावला कंपनीत आहे आणि शिरूरला राहतो. पोरगी शेवटच्या वर्षाला. कॉलेज संपायच्या आधी दोन महिने कुठंतरी जाऊन काम शिकावं लागतं म्हणे, त्याला इंटर्नशिप म्हणतात. तिला आमच्या जवळ, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत जागा मिळाली, म्हणून न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून दुसरी गाडी, अशी दोन पिशव्या घेऊन माझ्याकडं आली. खातं जनसंपर्काचं.

"म्हंजी करायचं काय गं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कंपनीचं म्हणणं लोकांना सांगायचं, आणि लोकांचं कंपनीला."

"लावालावी म्हण की."

"लावालावी करणाऱ्याला निदान चहा मिळतो, आजी. माझ्या टेबलाला अजून खुर्चीपण नाही."

पोरीला जीभ आहे. ती कुणाकडून आली ते सांगायला नको. पण माझी जीभ सुटते, तिची थांबते. हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. फाट्यावर एका म्हाताऱ्यानं तिला धरलं आणि कंपनीच्या वासापासून नोकरी न लागलेल्या भाच्यापर्यंत सगळा राग तिच्यावर काढला. मी असते तर त्याचं धोतर सोडून हातात दिलं असतं. ही वही काढून लिहीत उभी. त्याचं बोलून झालं तेव्हा म्हणाली, "बाबा, वास सकाळी येतो म्हणालात की संध्याकाळी?" त्याला बिचाऱ्याला आयुष्यात असं कुणी फिरून विचारलंच नव्हतं. मग त्यानं वेळ सांगितली, वारं कुठून असतं तेही सांगितलं, आणि जाताना हिला दोन सीताफळं दिली.

तिला मिळालेलं काम होतं भोंग्याचं. कंपनीचा एक भोंगा शिफ्टचा, तो आम्हाला घड्याळासारखा. दुसरा धोक्याचा, चढउतार करत रडल्यासारखा वाजतो. आत काही गळलं, काही पेटलं, तर तो वाजणार. तो वाजल्यावर गावानं काय करायचं हे कंपनीनं गावाला सांगायचं असतं. मागच्या साली चाचणी म्हणून वाजवला होता, तर अर्धं गाव कंपनीच्या गेटकडं पळत सुटलं. सारिका लेकरू काखेत घेऊन पळाली, कारण माझा थोरला, ईश्वर, तिथं दिवसपाळीला होता. खरंच काही झालं असतं तर ती दोघंही वाऱ्याच्या तोंडात सापडली असती.

म्हणून हर्षदाच्या साहेबानं, सत्यजीत साहेबानं, शाळेच्या पटांगणात सभा ठेवली. शंभर खुर्च्या, मांडव, माईक, दीडशे वडापाव. सभेचं बोलावणं हर्षदाकडं. तिनं ग्रामपंचायतीला पत्र दिलं, गावाच्या ग्रुपवर तीनदा मेसेज टाकला, आणि आठ दिवस आधी घरोघर जाऊन सांगून आली. वरच्या आळीला पत्रावर भागवलं. रविवारी सकाळी दहाला.

दुपारी बारा वाजता पोरगी घरी आली. चेहरा वाळवणासारखा. मी ओट्यावर इरकल नेसून, डोक्याला तेल लावून बसले होते. सारिका लेकराला नवा सदरा घालून शेजारी.

"आजी, तू तयार होऊन इथं बसलीयस?"

"मग कुठं बसू?"

"सभा होती. दहाला. मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतंस. म्हणून तर नेसून बसले."

"मग आली का नाहीस? कुणीच आलं नाही. मास्तर, ग्रामसेवक आणि पाच पोरं. शंभर खुर्च्या रिकाम्या. साहेब म्हणाले, गावानं बहिष्कार टाकला."

"बहिष्कार कशाला टाकंल गाव? बोलवायला कोण आलं?"

मग मला सांगावं लागलं. आठ दिवस आधी सांगतात ते आवतण. आवतण घेतलं म्हणून कुणी उठून चालायला लागत नाही. त्या दिवशी, वेळेला, ज्याच्या घरचं कार्य त्याचं माणूस दारात येतं आणि म्हणतं, चला, मांडव भरायचाय. ते बोलावणं. बोलावण्याशिवाय गेला तो हावरा. लग्न असो, बारसं असो, बिरदेवाच्या जत्रेचं जेवण असो. माझी आजी असंच करायची, मीही तसंच करते.

"म्हणजे सगळं गाव," हर्षदा सावकाश म्हणाली, "आज सकाळी तयार होऊन आपापल्या ओट्यावर बसलं होतं?"

"जाऊन बघ. अजून असतील."

ती खरंच गेली. वाडीतून एक चक्कर मारून आली. परत आली तेव्हा पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं आणि वही काढली. चुकलं तर रडत बसावं किंवा दुसऱ्यावर ढकलावं, ही जगाची रीत. हिनं पानावर वर तारीख घातली आणि मला विचारलं, "बोलावणं कुणी करायचं असतं? बाईनं की बाप्यानं? किती वेळ आधी? आणि आळीचा मान कुणाला?"

साहेबाकडं मात्र सोपं नव्हतं. त्यानं वर पाठवायच्या अहवालात लिहूनही ठेवलं होतं, की ग्रामस्थांनी सभेवर बहिष्कार टाकला. तिनं जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हर्षदा, तुझे आता पंधरा दिवस उरलेत. पुढचा रविवार देतो. पुन्हा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर सभा कायमच्या बंद, गेटवर एक फलक लावू आणि विषय संपवू. आणि तुझ्या कामाबद्दल कॉलेजला मला जे दिसेल तेच लिहावं लागेल."

हे ती मला भाकरी खाताना सांगत होती. मी म्हटलं, फलक लावला तर काय बिघडलं?

"आजी, भोंगा वाजल्यावर सारिकाकाकी फलक वाचायला थांबेल का?"

सारिकेनं तिला आणखी कालवण वाढलं.

त्या आठवड्यात पोरगी किती चालली ते तिच्या बुटांना विचारा. घरोघर एकच प्रश्न, भोंगा झाला की तुम्ही काय करता? आणि घरोघर एकच उत्तर, गेटकडं पळतो. का पळता? आमचं माणूस आत असतंय. तिनं नावं लिहिली, कुणाचं कोण आत, कुठल्या पाळीला. मग साहेबाला म्हणाली, आपल्या पत्रकात लिहिलंय घाबरून जाऊ नये, घरातच थांबावे. जिचा नवरा आत आहे ती का थांबेल? तिला पंधरा मिनिटांत कळलं पाहिजे की तो बरा आहे. प्रत्येक आळीत एक फोन ठरवा, त्या फोनवर आधी कंपनीनं कळवायचं. मग माणसं थांबतील. साहेबानं दोन दिवस घेतले, पण वरून मंजुरी आणली. हेही सांगते, तो माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त खुर्च्या दिसत होत्या.

पत्रकसुद्धा तिनं नव्यानं लिहिलं. त्यात पुढं होतं, बाहेर पडावे लागल्यास वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस स्थलांतर करावे. तिनं मला वाचून दाखवलं आणि विचारलं, काय कळलं? मी म्हटलं, काही न्हाई. मग मी तिला सांगितलं, पदर सोडून बघायचा कुणीकडं उडतो, आणि तिकडं न पळता आडवं निघायचं. ज्या अंगानं वास येतो त्या अंगाला मेंढरूसुद्धा तोंड करत नाही. तिनं तेच उतरवलं, मेंढरासकट.

राहिली वरची आळी. तिथली चाळीस घरं सोजराबाई उठली तर उठणार. म्हणून ही तिच्या ओट्यावर गेली. मला न विचारता, कारण विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी तिला ताटावरच धरलं. "काय म्हणली तुझी सोजराआजी? साखर जास्त व्हती का चहात?"

"आवतण घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "पण म्हणाल्या, बोलावणं चांगुणेनं करायचं. दुसरं कुणी आलं तर उठणार नाही."

"मी? तिच्या दारात? जी माझ्या पंगतीवर थुंकली तिच्या?"

हर्षदानं हात धुतला. मग म्हणाली, "आजी, जावळाच्या दिवशी त्यांना बोलवायला कोण गेलं होतं?"

"गोकुळ गेला व्हता."

"मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, मी खालच्या आळीला गेलो, वरच्या आळीला ईश्वरदादा गेला. मग काकांना विचारलं. ते म्हणाले, वरच्या आळीला गोकुळ गेला."

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"त्या दिवशी सोजराआजी जरीचं लुगडं नेसून दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसल्या होत्या," हर्षदा म्हणाली. "चूलबंद आवतण होतं ना. घरात चूल पेटवली नव्हती. अकरा माणसं. पोरं चुरमुरे खाऊन झोपली म्हणाल्या."

"खोटं बोलती ती."

"असेल. मी फक्त ऐकून आले ते सांगितलं. रविवारी सकाळी आठला मी खालच्या आळीपासून सुरू करते. तू वर जाशील की नाही, ते तुझं तू बघ."

मनधरणी नाही, गळ्यात पडणं नाही. उठली आणि भांडी घासायला गेली. तिचं काम माझ्या दोन पायांवर अडकलेलं, आणि पोरीनं मला एकदासुद्धा माझ्यासाठी जा ना असं म्हटलं नाही. म्हटली असती तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

रविवारी आठला ती निघाली. प्रत्येक दारात उभी राहून नाव घेऊन बोलवायची. काकी चला, आप्पा चला, मांडव भरायचाय. माणसं उठायची, चप्पल घालायची. साडेनऊला खालची आळी माझ्या दारावरून शाळेकडं गेली. सारिका गेली. वरच्या आळीतून कोंबडंसुद्धा उतरलं नव्हतं. हर्षदा रस्त्यात उभी राहून एकदा तिकडं बघायची, एकदा घड्याळाकडं. माझ्याकडं मात्र तिनं बघितलं नाही.

मी कुंकवाचा करंडा घेतला आणि निघाले.

सोजराबाई ओट्यावर होती. नेसून, तयार. मला बघून तिनं पाय खाली घेतले नाहीत.

"कोण पाहिजे?" म्हणाली.

"तूच पाहिजेस. चल, मांडव भरायचाय."

"अकरा वर्सं लागली व्हय गं चांगुणे, दोनशे पावलं यायला?"

"चढ हाय."

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसली नाही ती. मी कुंकू लावायला हात पुढं केला, तिनं कपाळ पुढं केलं.

"त्या दिवशी," मी म्हटलं, "कुणीच आलं न्हाई व्हय तुला बोलवायला?"

"कुत्रंबी आलं न्हाई."

"आमचं चुकलं मग."

"व्हय. तुमचंच चुकलं," ती म्हणाली आणि आत वळून सुनेला हाक मारली, "सुलक्षणा, निघा गं समदी. बोलावणं आलं."

खुर्च्या कमी पडल्या. पोरांनी शाळेच्या सतरंज्या आणल्या. साहेब बोलला थोडं, आणि ते चांगलं केलं त्यानं. मग हर्षदा उभी राहिली. दोन्ही भोंगे फोनवरून माईकला लावून ऐकवले, हा शिफ्टचा, हा धोक्याचा. मग तिनं विचारलं, "हा दुसरा वाजला तर कोण गेटकडं पळणार? खरं सांगा." हात वर झाले. सगळ्यात आधी सारिकेचा. पोरगी रागावली नाही, शिकवायला लागली नाही. म्हणाली, "मीपण पळाले असते. माझे काका आत असतात." आणि मग आळीआळीच्या फोनचं सांगितलं.

सोजराबाई पुढच्या खुर्चीवरून म्हणाली, "आन् फोनच लागला न्हाई तर?"

साहेब पाणी प्यायला लागला. हर्षदा म्हणाली, "खरंय आजी. त्याचा विचार मी केला नव्हता. काय करावं?"

सोजराबाईला कुणी विचारलं आणि ती गप्प बसली, असं कधी होत नाही. ती म्हणाली, गेटचा वॉचमन मोटरसायकलवर येऊ दे चिठ्ठी घेऊन, बिरदेवाच्या देवळापतुर, पुढं आमचं आम्ही बघू. कागदावर लिहिलं गेलं. वडापाव संपले. दोघांना तर मिळालेही नाहीत, त्यावरून थोडं वाजलं.

सोजराबाई जाताना माझ्याशी बोलली नाही. माझ्या अंगावरून गेली आणि सारिकेला म्हणाली, "तुझ्या सासूला सांग, करंडा आमच्या ओट्यावर राहिलाय." तो न्यायला मला परत चढ चढावा लागणार, हे तिला बरोबर कळत होतं.

आठ दिवसांनी हर्षदाचं काम संपलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आली, हातात कागद. साहेबानं कॉलेजला चांगलं लिहून दिलं होतं, ते तिनं पिशवीत ठेवलं. दुसरा कागद मात्र मला वाचून दाखवला. कंपनीच्या वरच्या लोकांना पाठवायचा अहवाल होता. त्यात असं लिहिलं होतं, पहिल्या सभेवर गावानं बहिष्कार टाकला नव्हता. गाव तयार होऊन बसलं होतं. बोलावणं करायचं राहिलं, ही चूक आमच्या विभागाची, आणि ते काम माझ्याकडं होतं. खाली तिचं नाव. त्याखाली साहेबाची सही.

"हे कशाला लिहायचं?" मी म्हटलं. "दुसरी सभा भरली ना? पहिलीचं कोण विचारतंय आता?"

"साहेबपण तेच म्हणाले. काढून टाक, छान शेवट झालाय."

"मग?"

"मग कुठंतरी कागदावर आपलं गाव बहिष्कार टाकणारं म्हणून राहिलं असतं, आजी. अकरा वर्षं."

ती पिशव्या भरायला लागली. सकाळच्या गाडीनं शिरूरला जायचं होतं. मी तिथंच चुलीपुढं बसले होते. म्हटलं, "इकडं बघ. पिशवी ठेव."

ती बघायला लागली.

"मला न विचारता तू सोजराच्या ओट्यावर चढलीस, ती तुझी चूक हाय आन् ती मी माफ केलेली न्हाई. पुढच्या खेपेला विचारायचं, मग मी न्हाई म्हणणार, मग तू जायचं. पण आपलीच चूक आपल्या हातानं लिहून त्याच्याखाली साहेबाला सही करायला लावली, ते काम या घरात आजपतुर कुणाला जमलं न्हाई. तुझ्या बापाला न्हाई, तुझ्या काकाला न्हाई. मी तर अकरा वर्सं दुसऱ्याच्या नावावर ढकलून बसले व्हते. तू माझ्यापेक्षा शहाणी हायेस, हर्षदा. हे मी एकदाच बोलणार हाय, त्यामुळं नीट ऐकून घे."